पाळणा लांबवताना अंगात काय होतं?



गेल्या पावसाळ्यात आमच्या एका गटातली एक सदस्य सलग दोन बैठकांना आली नाही. बचतीचे पैसे मुलीच्या हाती पाठवून द्यायची. तिसऱ्या बैठकीच्या आदल्या दिवशी मी तिच्या घरी गेले, तर ती सोप्यात पोतं टाकून बसलेली. ताट-तांब्या वेगळा. मी म्हटलं, "काय गं, मागच्या वेळीपण मुलगी हेच म्हणाली, आई बाजूला बसलीय." तर म्हणाली, "ताई, ती मागची आणि ही एकच. एकवीस दिवस झाले, थांबायचं नावच घेईना."

तिनं उपकेंद्रात जाऊन पाळणा लांबवायचं इंजेक्शन घेतलं होतं. धाकटा दीड वर्षाचा, आणखी दोन-तीन वर्षं तरी नको, असा नवरा-बायकोचा विचार. सासूबाईंना सांगितलं नव्हतं. मग एकवीस दिवस स्वयंपाकघर बंद, देवघर बंद, दूध काढायला गोठ्यात जायचं नाही. सासूबाई आधी कुरकुरल्या, मग घाबरल्या, मग कुणाकडून तरी अंगारा आणला. तिला स्वतःला वाटत होतं की आपल्याला कॅन्सर झाला.

"सुई देताना काही सांगितलं नव्हतं का?"

"सांगितलं की. तीन महिन्यांनी परत ये म्हणाले."

"एवढंच?"

"एवढंच."

आता गंमत बघा. गंमत कसली, राग यावा अशीच गोष्ट आहे. तिच्या अंगात काहीच भलतं झालेलं नव्हतं. या इंजेक्शननंतर पहिले काही महिने अंगावरून अवेळी जाणं, डाग दिसणं, कधी लांबणं हे बऱ्याच बायकांना होतं आणि ते देणाऱ्यांना माहीत असतं. "असं होईल, घाबरू नकोस, फार जायला लागलं तर ये," एवढं वाक्य बोलायला किती वेळ लागतो? ते वाक्य बोललं गेलं नाही, म्हणून ती बाई एकवीस दिवस मरणाची भीती घेऊन पोत्यावर बसली. म्हणून आज मी ठरवलंय की ती न बोललेली वाक्यं या भाषणात बोलून टाकायची.

आधी हे औषध करतं काय, ते समजून घेऊ. दर महिन्याला आपल्या अंडाशयात एक बीज पिकतं आणि बाहेर येतं. हे सगळं शरीरातल्या हार्मोनच्या, म्हणजे संप्रेरकांच्या इशाऱ्यावर चालतं. गाभण गाईला माज येत नाही, हे तुम्हाला माहीत आहे. पोटात वासरू आहे हे तिच्या शरीराला कळलेलं असतं. उपमा कानाला बरी वाटत नसली, तरी समजायला सोपी आहे. गोळीतून किंवा इंजेक्शनमधून तसेच हार्मोन बाहेरून दिले जातात. शरीराला वाटतं, सध्या बीज पिकवायची गरज नाही. शिवाय गर्भपिशवीच्या तोंडाशी असलेला चिकट स्राव घट्ट होतो, पुरुषबीज आत जात नाही. पिशवीतलं अस्तरही पातळ राहतं. म्हणूनच काही बायकांना दिवस राहिल्यासारखं वाटतं. मळमळ, छाती दुखरी होणं, डोकं जड होणं, ही सगळी त्या इशाऱ्याचीच लक्षणं आहेत.

सरकारी दवाखान्यात फुकट मिळणारी माला-एन ही गोळी हार्मोनची. अंतरा हे इंजेक्शन हार्मोनचं. रात्रीच्या घाईगडबडीनंतर बहात्तर तासांच्या आत घ्यायची ती तातडीची गोळी, तीही हार्मोनची. पण तांबी, म्हणजे कॉपर-टी, हार्मोनची नाही. छाया ही आठवड्याच्या हिशेबाची गोळी, तिच्यातही हार्मोन नाही. आपल्या बैठकीत सगळ्याला मिळून "ती गोळी" म्हणतात आणि एकीचा त्रास दुसरीच्या नावावर खपतो, म्हणून हे आधी सांगितलं.

माला-एनच्या पाकिटात अठ्ठावीस गोळ्या असतात. एकवीस हार्मोनच्या आणि वेगळ्या रंगाच्या सात लोहाच्या. पाळी सुरू झाल्यापासून पाच दिवसांच्या आत पहिली घ्यायची, मग रोज एक, एकाच वेळेला. लोहाच्या गोळ्या चालू असताना पाळी येते. बऱ्याच जणी त्या सात गोळ्या फेकून देतात आणि मग नवं पाकीट सुरू करायचा दिवस चुकतो. फेकू नका. रक्त वाढवायला त्या कामाच्या आहेत आणि दिवस मोजायलाही.

सुरुवातीला मळमळतं. पहिल्या दोन-तीन महिन्यांत मधेच डागही दिसतात. रात्री जेवण झाल्यावर झोपताना गोळी घेतली, तर मळमळ बरीच कमी होते. गोळी घेतल्यावर दोन तासांच्या आत उलटी झाली तर दुसरी घ्यावी. साधारण तीन महिन्यांत शरीर सरावतं. तरीही त्रास चालूच राहिला, तर सोसत बसायचं कारण नाही, साधन बदलून मागता येतं. मी स्वतः दीड वर्ष माला-एन घेतली. मळमळ आठ-दहा दिवसांत गेली, पण गालावर वांग आले. उन्हात हिंडायचं माझं काम, त्यामुळे ते जास्तच गडद झाले. लोक विचारायचे, "मॅडम, तब्येत बरी नाही का?" वांगानं जीव जात नाही हे खरं, पण आरशात रोज तेच दिसायचं. शेवटी मी तांबी बसवली. वांग हळूहळू फिके झाले, पूर्ण गेले असं मात्र नाही.

गोळीबद्दलची सगळ्यात मोठी चूक मी दोन-तीन गावांत पाहिली. एकीचा नवरा ट्रकवर. दहा-बारा दिवसांनी घरी येतो, दोन रात्री राहतो. ही त्या दोन रात्रीच गोळी घ्यायची. तिचं म्हणणं, "उगाच रोज कशाला औषध पोटात?" चौथ्या महिन्यात दिवस राहिले आणि गावभर झालं की सरकारी गोळीत दम नाही. बायांनो, ही डोकेदुखीची गोळी नाही, दुखलं की घेतली. नवरा घरी असो, नसो, ती रोज घेतली तरच बीज थोपवते. एखादी विसरली, तर आठवल्याबरोबर घ्यावी आणि पुढची ठरल्या वेळेला, मग एका दिवशी दोन झाल्या तरी चालेल. दोन किंवा जास्त विसरल्या, तर गोळ्या पुढे चालू ठेवून सात दिवस कंडोम वापरावा आणि आशाताईला विचारावं. नवऱ्याचं येणं-जाणं असंच अनियमित असेल, तर रोजच्या गोळीपेक्षा तांबीचा विचार करायला हरकत नाही.

क्षयाची औषधं चालू असतील, त्यात रिफाम्पिसिन असतं, किंवा फिट येऊ नये म्हणून काही औषधं चालू असतील, तर गोळीचा असर कमी होतो. हे न विचारताच सांगून टाका.

आता इंजेक्शनकडे येते, कारण खरी बोलणी तिथंच असतात. अंतरा २०१७ पासून सरकारी दवाखान्यांत मिळू लागलं. दंडात किंवा कमरेवर दर तीन महिन्यांनी. सुई घेतलेली जागा चोळायची नाही, शेकायची नाही. तारखेच्या दोन आठवडे आधी किंवा उशिरात उशिरा चार आठवड्यांपर्यंत पुढची सुई घेता येते. अंगावर पाजणाऱ्या बाईला बाळ सहा आठवड्यांचं झालं की हे चालतं. माला-एनसारखी गोळी मात्र बाळ सहा महिन्यांचं होईपर्यंत नको.

या सुईनं पाळीचं वेळापत्रक मोडतं. हे कधीतरी कुणाला होतं असं नाही, जवळजवळ प्रत्येकीला होतं. आधी अवेळी जातं, मग हळूहळू कमी होतं आणि वर्षभर सुया घेतल्यावर निम्म्याच्या आसपास बायकांची पाळी बंदच होते. इथं आमच्या म्हाताऱ्या म्हणतात, "पाळी तुंबली, घाण आत साठली, आता गाठ होणार." साठत काहीच नाही. अस्तर तयारच होत नसेल तर बाहेर काय पडणार? ज्या शेतात पेरलंच नाही, तिथं काढणी कशाची?

पण मी त्या म्हाताऱ्यांना हसत नाही, कारण पाळी बिघडली की आपल्याकडे फक्त शरीर बिघडत नाही. महिन्याचे चार दिवस बाजूला बसायचं घरानं धरलेलं असतं, पंधरा दिवस धरलेले नसतात. शेजारीण विचारते, सासू दिवस मोजते, हळदीकुंकवाला जाता येत नाही. कापडं धुवायला पाणी लागतं, पॅडला पैसे लागतात. पाळी आलीच नाही तर उलटी पंचाईत, घरचे म्हणतात दिवस गेले. दवाखान्यातल्या कागदावर "किरकोळ त्रास" लिहिलेलं असतं, घरात तोच किरकोळ त्रास चूल बंद करतो. शिवणं-बिवणं पाळू नये, असं मी बैठकीत सांगते. पण माझ्या सांगण्यानं एका रात्रीत पाळायचं थांबत नाही, म्हणून सुई घेण्याआधी याचाही हिशेब करा. नवऱ्याला विश्वासात घेता आलं, तर एक माणूस तरी आपल्या बाजूचं असतं. दवाखान्यात त्याची सही मात्र लागत नाही, हेही माहीत असू द्या.

आणि याच सुईची दुसरी गोष्ट ऐका. ऊसतोडीला जाणारी एक मावशी मला म्हणाली, "पोरी, त्या सहा महिन्यांत पाळीच आली नाही बघ. फडात ना आडोसा, ना पाणी. पहाटे गाडीवर बसायचं, रात्री कोपीत उतरायचं. जन्मात पहिल्यांदा पाळीची फिकीर नव्हती." एकीला जे संकट, तेच दुसरीला सुख. पण तिचीही एक चूक झाली. दुसऱ्या सुईची तारीख आली तेव्हा ती कारखान्यावर आणि कार्ड गावाकडं पत्र्याच्या पेटीत. घाबरली आणि गेलीच नाही. खरं म्हणजे कुठल्याही गावच्या सरकारी दवाखान्यात कार्ड दाखवून सुई घेता येते. तोडीला जाताना आधार कार्डाबरोबर ते कार्ड पिशवीत ठेवा.

रक्त जास्त जायला लागलं तर काय? डाग असतील, नेहमीपेक्षा थोडं जास्त दिवस जात असेल, तर थांबून बघता येतं. आठ दिवसांपेक्षा जास्त किंवा नेहमीच्या दुप्पट जात असेल, तर दवाखान्यात जा. काही दिवसांच्या गोळ्यांनी ते आटोक्यात येऊ शकतं, आणि हिमोग्लोबिन तपासून घेता येतं. तासा-दोन तासांत कापड भिजून जात असेल, चक्कर येत असेल, तर बैठकीची, ताईची, कुणाची वाट बघू नका.

एक गोष्ट जोर देऊन सांगते. अशा वेळी कुणी पहिल्याच भेटीत "पिशवी खराब झाली, काढून टाका" म्हणालं, तर तिथंच होकार देऊ नका. बीडच्या ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्या काढण्याचा विषय २०१९ मध्ये विधिमंडळापर्यंत गेला, तो तुम्ही ऐकला असेल. सुई घेतली आहे हे त्या डॉक्टरांना आधी सांगा. मग सरकारी रुग्णालयात दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या. सुईचा असर महिन्यांनी उतरतो, काढलेली पिशवी परत बसत नाही.

सुईचे आणखी तीन मुद्दे आहेत. वजन वाढू शकतं, वर्षाला सरासरी एक-दोन किलो. हाडांतला चुना सुई चालू असताना थोडा कमी होतो, बंद केल्यावर भरून येतो. नाचणी, तीळ, दूध आहारात असू द्या. आणि सुई थांबवल्याबरोबर लगेच दिवस राहत नाहीत. शेवटच्या सुईपासून साधारण सात ते दहा महिने लागतात, काहींना त्याहून थोडे जास्त. वांझपण येतं, ही भीती मात्र खोटी आहे. पण वर्षभरात मूल हवं असेल, तर सुई घेऊ नका. गोळी बंद केल्यावर पाळी आणि बीज लवकर मूळपदावर येतं.

आपल्या आधीच्या बायकांनी यासाठी भांडण केलेलं आहे. १९८५ साली हैदराबादजवळच्या पटणचेरूमध्ये गरीब बायकांना नेट-एन नावाचं अशाच जातीचं इंजेक्शन पूर्ण माहिती न देता दिलं जातंय, हे तिथल्या स्त्री शक्ती संघटनेच्या ध्यानात आलं. पुढच्या वर्षी ही संघटना इतर काही संघटनांना घेऊन सुप्रीम कोर्टात गेली. सुई टोचून घेणाऱ्या बाईला ती कशाची आहे आणि अंगावर काय करेल हे आधी कळलं पाहिजे, हे त्यांच्या भांडणाच्या मुळाशी होतं. आज सुई देण्याआधी समुपदेशन करावं असा नियमच आहे. पोत्यावर बसलेल्या आमच्या सदस्याच्या वाट्याला तो आला नाही, एवढंच.

आता थोडं हळू आवाजात. काही जणींना गोळीवर किंवा सुईवर असताना मन उदास होतं, चिडचिड होते, लेकरांवर हात उगारला जातो. काहींना नवऱ्याजवळ जावंसंच वाटत नाही. हे बोलायला लाज वाटते आणि बोललं तर "तुझ्या मनाचे खेळ" असं उत्तर मिळतं. हार्मोन मेंदूवरही काम करतात, त्यामुळे एखादीला असं होऊ शकतं. सगळ्याच उदासीचं कारण गोळी नसते, घरात कारणं काय कमी असतात? पण औषध सुरू केल्यावर फरक पडला असं तुम्हाला स्वतःला वाटत असेल, तर ते खरं धरून दवाखान्यात सांगा. आधीपासून उदासपणाचा आजार असेल तर सुरुवातीलाच सांगा.

आणि काही बायकांनी माला-एनसारखी गोळी घ्यायचीच नाही. ज्यांचं बीपी १४० वर ९० किंवा त्याहून जास्त असतं, ज्यांना पूर्वी पायात किंवा फुप्फुसात रक्ताची गुठळी झाली होती, हृदयाचा किंवा लिव्हरचा आजार आहे, छातीचा कॅन्सर झाला होता, ज्यांची अर्धशिशी डोळ्यांपुढे चमकून सुरू होते, आणि वय पस्तिशीच्या पुढं असून ज्या विडी ओढतात. मिशरी लावत असाल तर तेही लपवू नका. आमच्याकडची अडतीस वर्षांची एक बाई मेडिकलमधून परस्पर गोळ्या आणून घेत होती, डोकं फुटायला आलं तरी चहा-पान करून रेटायची. आशाताईनं सहज बीपी बघितलं, तर ते फार वाढलेलं. गोळी बंद केली, उपचार सुरू झाले. मशीन दंडाला लावायला दोन मिनिटं लागतात. गोळी सुरू करायच्या आधी ती दोन मिनिटं मागून घ्या.

गोळीनं रक्ताची गुठळी होण्याचा धोका असतो, पण तो फार थोडा. वर्षभरात दहा हजारांत, गोळी न घेणाऱ्या दोघींना होते, तर माला-एनच्या जातीची गोळी घेणाऱ्या पाच ते सात जणींना. गरोदरपणात आणि बाळंतपणानंतर हा धोका याहून जास्त असतो. पण त्या पाच-सातांत आपण असलो तर? म्हणून खुणा लक्षात ठेवा. एकाच पायाची पोटरी सुजून दुखणं, छातीत एकदम दुखणं, दम लागणं, कधी नव्हे इतकं डोकं दुखणं, डोळ्यांना अचानक दिसेनासं होणं, हात-पाय लुळा पडणं किंवा बोबडी वळणं, पोटात असह्य कळ, डोळे पिवळे होणं. यातलं काहीही झालं तर गोळी थांबवा, १०८ ला फोन करा आणि गोळी चालू होती हे डॉक्टरांना आधी सांगा. घरी लपवून घेत असलात तरी तिथं लपवू नका.

जाता जाता गौरी-गणपतीच्या गोळ्यांचं सांगते, कारण श्रावण लागला की मेडिकलवर रांग लागते. पाळी पुढं ढकलायच्या गोळ्याही हार्मोनच्याच असतात, पण त्या पाळणा लांबवत नाहीत. "चालू आहेत की गोळ्या," म्हणून निर्धास्त राहिलेल्या एकीला नवरात्रात कळलं की दिवस गेलेत. आणि वर सांगितलेली गुठळीची भीती यांनाही लागू आहे. सणाला, लग्नाला, वारीला असं वर्षातून चार-पाच वेळा, तेही जावेनं दिल्या म्हणून, घेऊ नका. एकदा तरी डॉक्टरांना विचारा.

आमची ती सदस्य पुढच्या आठवड्यात माझ्याबरोबर प्राथमिक आरोग्य केंद्रात आली. सिस्टरनं नीट बसवून विचारलं, हिमोग्लोबिन बघितलं, नऊ निघालं. लोहाच्या गोळ्या आणि रक्त कमी व्हायच्या गोळ्या दिल्या. सहाव्या दिवशी थांबलं. दुसरी सुई तिनं घेतली नाही. "माझ्या घरात नाही जमायचं हे," म्हणाली. सिस्टरनं तिला छायाची माहिती दिली. पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, मग आठवड्यातून एकदा, आणि हिच्यानंही पाळी लांबू शकते, हे या वेळी आधीच सांगितलं. तिनं रविवार आणि बुधवार धरलेत. बुधवारी आमची बैठक असते, त्यामुळे विसरत नाही.

पुढच्या महिन्याच्या बैठकीला आशाताई बीपीचं मशीन घेऊन येणार आहेत. ज्यांच्या गोळ्या चालू आहेत त्यांनी पाकीट आणा, ज्यांची सुई चालू आहे त्यांनी कार्ड आणा. चारचौघींत बोलायचं नसेल, तर हप्ते गोळा झाल्यावर अर्धा तास मी आणि आशाताई शाळेच्या मागच्या वर्गात बसणार आहोत.